उजेडाकडे वळा

मार्गशीर्षातल्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर ऊन फार वेळ रेंगाळतं. निघालेल्या पाहुण्यानं उंबऱ्यात उभं राहून पुन्हा गप्पा सुरू कराव्यात तसं. त्या उन्हात मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचे आणि शेजारी आई दोरीवरचे वाळलेले कपडे चाचपून चाचपून घड्या घालायची. गल्लीत कुणी नसायचं. लांबच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जायच्या, त्यांच्यातली गाणी आधी यायची आणि धूळ मागून. अशा वेळी आपण सोनईजवळच्या एका खेड्यात बसलोय की आणखी कुठे, हे मला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. माझ्या कानात तेव्हा एक तारा वाजत असायचा.

तारा वाजत नाही, हे मला माहीत आहे. पण काही तारे मरताना आक्रसून एखाद्या शहराएवढे होतात आणि मेल्यावरही स्वतःभोवती गरगर फिरत राहतात. प्रत्येक फेरीला त्यांचा झोत आपल्यावरून जातो. तो मोजायचा, त्याचा आवाज करायचा आणि ऐकायचा. कुणी पाऊण सेकंदाला एक ठोका देतो, तर कुणी सेकंदाला शेकडो, की नुसतं घुं ऐकू येतं. पुस्तकात त्यांना स्पंदक म्हणतात. आम्ही कामावर पल्सारच म्हणतो.

"काय ऐकती गं एवढं?" आईनं एकदा विचारलं.

"ताऱ्याची नाडी," मी म्हटलं.

"ताऱ्याला कशाची नाडी? नाडी लेंग्याला आस्ती."

ती स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसली. मग मी एक इअरफोन तिच्या कानात घातला आणि संथ ठोक्यांचा एक तारा लावून दिला. तिचे हात थांबले. अर्धी घडी घातलेला टॉवेल मांडीवर तसाच राहिला.

"कुनाची गिरनी हाय ही?" ती म्हणाली. "लई सरळ चाललीय. आपल्या भाऊंचं इंजन मधीच दम खातं."

आमच्या गावात पिठाची गिरणी अजून डिझेलच्या इंजिनावर चालते. लाईटीचं काही खरं नाही, असं गिरणीवाले भाऊ सांगतात. मला वाटतं, त्यांना ते इंजिनच सोडवत नाही. इंजिनाच्या धुराड्यावर त्यांनी एक डबडं बसवलंय, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला कुक्, कुक् असा आवाज निघतो आणि वाडीवस्तीपर्यंत जातो. गिरणी चालू आहे, दळण घेऊन या, एवढाच त्याचा अर्थ. लहानपणी तो आवाज मला ऐकूच यायचा नाही, इतका तो कायमचा होता. पुण्याला शिकायला गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात वसतिगृहात झोप येईना. कशानं येत नाही ते कळायला मला महिना लागला.

आता मी पुण्यातच एका लहानशा कंपनीत काम करते. अंतराळात गेलेल्या यानाला आपला ठावठिकाणा स्वतःच शोधता यावा, एवढंच आमचं काम. आपल्या मोबाईलला रस्ता कळतो तो वरच्या उपग्रहांमुळे. ते सतत सांगत असतात, मी अमुक, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले. चौघांचं ऐकायचं, कुणाचं बोलणं किती उशिरा पोचलं ते मोजायचं, की आपण कुठे ते समजतं. पण हे उपग्रह बोलतात ते खाली, पृथ्वीकडे तोंड करून. यान त्यांच्याही वर गेलं, चंद्राकडे निघालं, की त्याला पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला असलेल्या उपग्रहांचं, तिच्या कडेवरून सांडलेलं बोलणं तेवढं ऐकू येतं. तेही क्षीण. आणखी लांब गेलं की तेही संपतं.

तिथून पुढे पल्सार. ते कुणासाठी वाजत नाहीत. पण इतके नेमके वाजतात की कुठला ठोका कधी यायला हवा याचा तक्ता मांडता येतो. ठोका तक्त्यापेक्षा लवकर आला तर आपण त्या ताऱ्याच्या बाजूला थोडे सरकलोय, उशिरा आला तर मागे राहिलोय. तीन-चार दिशांचे तारे ऐकले की पत्ता सापडतो. एकच अडचण आहे. सगळे ठोके सारखे असतात आणि आपला कितवा ठोका हे तारा सांगत नाही. त्यामुळे आपण साधारण कुठे आहोत याचा अंदाज आधीपासून आपल्याजवळ असावा लागतो. हे वाक्य मी आजवर कितीतरी लोकांसमोर पडद्याकडे बोट दाखवून बोलले आहे. मला वाटायचं, मला ते कळलेलं आहे.

त्या हिवाळ्यात मी गावी आले होते ती आईला घेऊन जायला. तिला काचबिंदू. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली जपायची. राहिली होती ती एवढीच, की कुठल्या बाजूला उजेड आहे ते तिला कळायचं. दार उघडं की बंद, दिवा लागला की नाही, सूर्य कुठल्या अंगाला, इतकंच. माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये तिची खोली मी रंगवून ठेवली होती. सातवा मजला, लिफ्ट, दिवसभर एक बाई सोबतीला. सगळं ठरवलं होतं, फक्त तिला विचारलं नव्हतं. असं करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

"मी येत न्हाई," ती म्हणाली.

"इथं एकटी कशी राहशील?"

"विहार कोन उघडंल?"

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराची किल्ली गेली कितीतरी वर्षं तिच्या कमरेला आहे. रोज संध्याकाळी ती जाते, कुलूप काढते, केर काढते, मेणबत्ती लावते, आणि बायका जमल्या की वंदना म्हणते. दृष्टी गेल्यावर शेजारची वहिनी तिचा हात धरून नेऊ लागली, आणि त्यावरून आई माझ्याशी फोनवर रडली होती. आयुष्यात दुसऱ्यांदा. मला हात धरून न्यायला लागलं की मी संपले, असं ती म्हणाली होती. त्यामुळे तिला न्यायचं म्हणजे काय करायचं, हे मला पुरतं माहीत होतं. तरी मी भांडले. तीन दिवस भांडले. ती माझीच आई, तीही भांडली.

चौथ्या दिवशी आमचा करार झाला. मी तिच्या फोनमध्ये रस्ता बोलून दाखवणारी सोय करून देणार. त्या आवाजाच्या मदतीनं ती पंधरा दिवस एकटी विहारात जाईल आणि परत येईल. एकदाही चुकली नाही तर ती इथंच राहील आणि मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. एकदा जरी चुकली, तर बॅग भरायची.

"बोली?" मी विचारलं.

"बोली," ती म्हणाली.

खरं सांगते, मला ती चुकायला हवी होती. आणि तिनं चुकू नये म्हणून मी दोन रात्री जागून ते अॅपही जिवापाड नीट लिहिलं. माणसाचं डोकं एकाच वेळी दोन्हीकडे चालतं, त्याला इलाज नाही.

घरापासून विहार साडेतीनशे पावलं. दारातून सरळ उत्तरेला जायचं, चिंचेपाशी वळायचं, मग थोडं पुढे विहार. त्याच रस्त्यानं आणखी पुढे गिरणी, आणि गिरणीच्या पलीकडे एसटीचा थांबा. मी फोन हातात घेऊन तो रस्ता चार वेळा चालले, जागोजागचे बिंदू नोंदवले, आणि प्रत्येक बिंदूला काय बोलायचं ते लिहिलं. शंभर पावलं सरळ चला. चिंचेचं झाड आलं. आता उजवीकडे वळा. एक यांत्रिक बाई ते गोड आवाजात वाचायची. मी तिला ऐकून पाहिलं आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले.

पहिल्या दिवशी आई निघाली, आणि मी ओट्यावर बसून माझ्या फोनवर तिचा निळा ठिपका पाहत राहिले. ठिपका उत्तरेला सरकला. चिंचेपाशी थांबला. वळला. विहारात पोचला. तासाभरानं तसाच परत आला. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. त्या संध्याकाळी मला अजून आठवतात. अंगावर शाल, पुढ्यात चहा, एका पडद्यावर चंद्रापलीकडच्या एका कल्पनेतल्या यानाचा मार्ग आणि दुसऱ्यावर आईचा. दोघंही इतक्या संथपणे सरकायचे की मधेच मला कोण कोणतं तेच कळायचं नाही. पल्सारकडून येणारे किरण फार थोडे असतात, एकेक करून येतात. ते एकाच ठोक्याच्या लांबीत घडी घालत घालत एकावर एक रचावे लागतात, तेव्हा कुठे तासांनी ठोका दिसायला लागतो. आमच्या धंद्यात याला घड्या घालणंच म्हणतात. मी तिकडे घड्या घालायचे आणि इकडे आई चालायची, आणि जग आपल्या जागी आहे असं वाटायचं. आठ दिवस मी सुखात होते, हे मला कबूल करायला हवं.

नवव्या दिवशी गारठा जास्त होता. आई निघताना मी पाहिलं तर इअरफोनच्या वायरी तिच्या पदराखाली नुसत्याच लोंबत होत्या.

"आई, कानात नीट घाल ना! असं ऐकू कसं येईल?"

"येतंय की."

"काही येत नाही." मी स्वतः उठले, दोन्ही इअरफोन तिच्या कानात घट्ट बसवले आणि वरून माझा लोकरीचा स्कार्फ बांधला, हनुवटीखाली गाठ मारून. माझ्या हातांवरून तिनं हात फिरवला आणि निघाली.

तेवढ्यात मला पुण्याहून कामाचा फोन आला. घड्याळाची एक चूक सापडत नव्हती, आणि मी बोलता बोलता ठिपक्याकडे पाहत होते. ठिपका चिंचेपर्यंत गेला आणि थांबला. भेटलं असेल कुणी, मी मनाशी म्हटलं. फोनवर आमचं मायक्रोसेकंदांवरून भांडण चाललं होतं आणि मी जिंकत होते. ठिपका चिंचेपाशीच होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ऊन पिवळं झालं, मग तांबूस. मग शेजारची वहिनी दारात आली आणि म्हणाली, "काकू आज विहारात न्हाई आल्या का? बाया बाहेरच थांबल्यात."

मी पडद्याकडे पाहिलं. ठिपका चिंचेपाशी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ठिपका थांबलेला नाही, त्याची खबर यायची थांबली आहे. रेंज गेली होती. मी आईकडे पाहत नव्हतेच. वीस मिनिटांपूर्वीच्या आईकडे पाहत होते.

मी अनवाणी धावले. चिंचेपाशी कुणी नव्हतं. उजवीकडे विहारासमोर बायका उभ्या होत्या. डावीकडे पायवाट पाटाकडे जाते, आणि पाटाला तीन दिवसांपूर्वी पाणी सुटलेलं होतं. सूर्य त्या बाजूला होता, अगदी समोर, डोळ्यात जाणारा. मी डोळ्यांवर हात धरून पळत होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

ती पाटाच्या भरावावर बसली होती. पाय दुमडून, सूर्याकडे तोंड करून. पाणी तिच्यापासून चार हातांवर होतं, गढूळ, काठोकाठ, आवाज न करता चाललेलं. स्कार्फ सोडून तिनं नीट घडी घालून मांडीवर ठेवला होता आणि त्यावर इअरफोन. मी तिच्याशेजारी कोसळलेच.

"आलीस?" ती म्हणाली.

"इकडं कशाला आलीस गं? मी सांगितलं होतं ना उजवीकडे वळ म्हणून!"

"उजवीकडं? त्यो डबा म्हनला, उजेडाकडं वळा."

तिच्या मांडीवरचे इअरफोन मी उचलून घेतले.

"मी म्हनलं, बरोबरच हाय," ती सांगत होती. "मला तेवढाच तर दिसतो. म्हनलं, पोरीनं माझ्यासाठी सोयीचं करून ठिवलंय. म्हनून उजेड धरून चालत आले. मंग पायाखाली वल लागली, तवा थांबले. त्यो म्हनला, मार्ग शोधत आहे. म्हनलं, शोध बाबा, मी बसते."

तेव्हा मी रडले. आमच्या घरात, आमच्या अख्ख्या वस्तीत, रस्ता सांगताना उजवीकडे-डावीकडे कुणी म्हणत नाही. उजवा हात असतो, तो जेवायचा. रस्ता असतो तो उगवतीला नाहीतर मावळतीला. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. आणि तिच्यासाठी वाक्य लिहायला बसले तेव्हा मी पुस्तकातलं मराठी लिहिलं, जसं मी कुठल्यातरी परक्या माणसासाठी लिहिलं असतं. उगवतीला वळ, एवढं लिहिलं असतं तर पुरलं असतं. आणि तिनं ते वाक्य आपल्या मायेनं दुरुस्त करून ऐकलं.

"घाबरलीस का?" मी विचारलं.

"भ्याले की. पान्याचा गारवा लागत हुता तोंडाला." तिनं माझा हात चाचपून धरला. "पन बसून ऱ्हायले. गिरनी बंद हाय ना आत्ता, भाऊ इंजनाचं पानी बदलत्यात, आन दुसरं कायबी हितवर ऐकू येत न्हाई. ती चालू झाली की पाठ कुनीकडं ते कळलं आस्तं, मंग उठले आस्ते." मग तिनं तोंड माझ्याकडे वळवलं. "तू हाक का न्हाई मारलीस? एक हाक मारली आस्तीस तर आवाजावर आले आस्ते."

मी हाक मारली नव्हती. वीस मिनिटं ती माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होती आणि मी ठिपका पाहत होते. हे मी तिला सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली, आणि ते "बरं" मला तोंडात मारल्यासारखं लागलं.

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, ट्रंक ओढली आणि लुगडी काढून पिशवीत भरायला लागली.

"हे काय चाललंय?"

"बोली म्हंजी बोली. चुकले, आता येते." तिचा आवाज अगदी सरळ होता. कमरेची किल्ली काढून तिनं कोनाड्यात ठेवली. "ही वहिनीला दी. म्हनावं, मेणबत्ती वाऱ्याच्या अंगाला लावू नको."

मला वाटलं होतं की जिंकल्यावर मला बरं वाटेल. दहा दिवसांपूर्वी मला हेच हवं होतं. आता ती समोर भरत होती आणि मी कोनाड्यातल्या किल्लीकडे बघत होते.

"तू नाही चुकलीस. अॅप चुकलं. मी चुकले."

"बोलीत तसं न्हवतं," ती म्हणाली. आईशी वकिली करू नये, ती करार पाठ करते.

मग आणखी एक लुगडं पिशवीत गेलं आणि ती थांबली. तिच्या तोंडावर लहान पोरीसारखं काहीतरी आलं.

"येक सांगू का? रागावशील."

"सांग."

"पैले आठ दिवस मी कानात घातलंच न्हवतं ते. पदराखाली सोडून द्यायचे."

"मग कशी जात होतीस?"

"रोज जाते तशी. पोल्ट्रीचे पंखे समोर धरायचे, गिरनी हिकडून. चालता चालता दोन्ही आवाज सारखे झाले की चिंच आली. मंग गिरनीला तोंड करायचं. आनखी काय? गिरनी बंद आसली तर डेरीची मोटार आस्ती मागं. कायतरी आस्तंच चालू."

मी जमिनीवर बसले. दोन्ही आवाज सारखे झाले की वळायचं. हे मी महिनाभर एका समीकरणात बसवू पाहत होते.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू दोन रात्री जागलीस ना त्याच्यासाठी," ती म्हणाली. "मंग वाईट दिसाया लागलं. तू हातानं बांधलंस. म्हनलं, आज पोरीचं ऐकू."

मला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी चिडले. पिशवी उलटी केली, सगळी लुगडी बाहेर काढली आणि ओरडले की करार अॅपवर चालायचा होता, अॅपवर तू फक्त एक दिवस चाललीस, तेव्हा करारच झालेला नाही, पहिल्यापासून रद्द आहे. तिनं यावर बराच विचार केला.

"आसं व्हय?"

"असंच."

"मंग उद्या तू चाल. डोळं बांधून. बघू तुला येतंय का."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं तोच स्कार्फ माझ्या डोळ्यांवर बांधला, कान उघडे ठेवून, आणि माझ्यामागून चालत राहिली. पहिल्या तीस पावलांत मी गोठ्यात शिरले. गाय हंबरली आणि वहिनी घरातून खदखदून हसली. मला नुसता गोंधळ ऐकू येत होता. ट्रॉल्या, कुत्री, कुणाचा तरी मोबाईल, कुणाचं भांडण. "घाई नको," आई मागून म्हणाली. "जे हालतं ते सोडून दी. जाग्यावर हाय तेवढंच ऐक." मी उभी राहिले. एकेक करून हलणारं सगळं गळून गेलं. मग समोर लांबवर पंखे, घुं असे, आणि उगवतीला कुक्, कुक्, मधेच दम खाणारं. मी त्या दोघांच्या मधे होते. किती वेळ उभी होते माहीत नाही. अंधार डोळ्यांवर होता आणि तरी मला माझी जागा अंगाला जाणवत होती, अंगावर ऊन जाणवावं तशी. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठे आहे ते मला कुणी सांगत नव्हतं आणि मला माहीत होतं. मी चालत गेले. दोन्ही आवाज सारखे झाले तेव्हा हात पुढे केला, आणि हाताला चिंचेचं खोड लागलं.

मी आणखी चार दिवस राहिले. खोलीचा रंग वाया गेला असं मी एकदा म्हटलं, तर ती म्हणाली, उन्हाळ्यात येईन की आठ दिवस, मला रंग कुठं दिसतोय. किल्ली पुन्हा तिच्या कमरेला गेली. मी वहिनीला माझा नंबर दिला, पाटाकडच्या पायवाटेवर ग्रामपंचायतीकडून आडवी काठी लावून घेतली, त्यासाठी दोन माणसांशी भांडले, आणि फोनमधून ते अॅप काढून टाकलं.

निघायच्या दिवशी पाचची गाडी होती. आई चिंचेपर्यंत आली. तिथं तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली आणि म्हणाली, "जा. मागं बघू नको, मला दिसत न्हाई तू बघतेस का न्हाई ते."

मी दहा-वीस पावलं गेले असेन. मागून हाक आली, "बायेऽऽ!"

"ओऽऽ!" मी म्हटलं.

विहार मागे पडला. पुन्हा, "बायेऽऽ!"

"ओऽऽ!"

तिसरी हाक आली तेव्हा मी गिरणीपाशी पोचले होते. इंजिन जोरात चालू होतं, धुराड्यावरचं डबडं कुक् कुक् करत होतं, पिठानं पांढऱ्या झालेल्या बायका डबे घेऊन रांगेत होत्या. हाक मला जेमतेम ऐकू आली. मी जीव खाऊन "ओ" दिला आणि तो माझा मलाच ऐकू आला नाही. मग चौथी हाक आली नाही. तिला ऐकू गेलं म्हणून आली नाही, की ऐकू गेलं नाही आणि ती तिथंच कान देऊन उभी राहिली, ते मला कळेना.

मी बॅग खाली ठेवली. रांगेतल्या बायकांसमोर, चाळीस वर्षांची बाई मी, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "आईऽऽ!"

बायका माझ्याकडे बघत राहिल्या. गिरणीवाले भाऊ पट्ट्यामागून बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चिंचेच्या दिशेला पाहिलं, आणि काही न विचारता आत जाऊन इंजिन बंद केलं. दळण अर्ध्यात थांबलं. एक म्हातारी कुरकुरली.

"मार आता," भाऊ म्हणाले.

"आईऽऽ!"

सगळं गाव गप्प होतं. मग मावळतीकडून, लांबून, स्वच्छ आला.

"ओऽऽ!"

भाऊंनी मान हलवली, हँडल उचललं आणि पुन्हा इंजिन मारायला आत गेले.